मनगटात जोर आहेच

स्वसंरक्षण शिबिराच्या उद्घाटनाला आलेले पाहुणे हमखास म्हणतात, 'मुलींनो, सबळ व्हा.' बीड जिल्ह्यात हे वाक्य ऐकलं की मला समोर बसलेल्या मुलींच्या आया डोळ्यांपुढे येतात. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात उतरायचं, दिवसभर वाकून ऊस तोडायचा, वाढं वेगळं काढायचं, मोळ्या बांधायच्या आणि गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं. गाडी रात्री दहाला आली तर रात्री दहाला भरायची. दिवाळीच्या आसपास घर सोडलेली ही बाई गुढीपाडव्याच्या सुमारास परत येते. हिच्या दंडात बळ नाही असं कोण म्हणेल? दिवसातले दहा-बारा तास तिच्या हातात धारेचा कोयता असतो. तरीही ती फडात जपून वावरते आणि कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, जागी झोपते. मग उणीव बळाची नव्हे, दुसऱ्याच कशाची तरी आहे. शाळा, शिबिरं, गावातल्या बैठका यांत जे दिसलं आणि कायद्याच्या पुस्तकात जे सापडलं, ते त्या अंगानं इथे टिपत गेले आहे.

✱

धारूर तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, पावसाळ्यात घेतलेलं बायकांचं शिबिर. शिकवायला कराटेची तरुण मुलगी. तिनं एका चाळिशीतल्या बाईंचं मनगट पकडलं आणि म्हणाली, 'मावशी, सोडवा.' मावशींच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, तळवा घट्टे पडून कडक झालेला, करंगळीपाशी कोयत्याचा जुना वण. त्यांनी आधी हात नुसता मागे ओढला. तो निघाला नाही. मुलीनं दाखवलं की पकड अंगठ्यापाशी कच्ची असते. चार बोटं एका बाजूला आणि एकटा अंगठा दुसऱ्या बाजूला. आपलं मनगट त्या अंगठ्याकडे फिरवायचं, कोपर अंगाशी घ्यायचं आणि एकदम झटका द्यायचा. दुसऱ्या खेपेला मावशींनी असा हिसका दिला की शिकवणारीच दोन पावलं मागे गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दोन बांगड्या फुटल्या होत्या, त्यांचे तुकडे मावशी वेचत बसल्या आणि खाली बघूनच म्हणाल्या, 'हात सोडवला व्हय. पण त्याचीच उचल घेतलीय ना बाई. ती कशी सोडवायची?'

शिबिर संपेपर्यंत त्यावर कुणी काही बोललं नाही. मला वाटतं, जिल्ह्यातल्या स्वसंरक्षणाचा सगळा अभ्यासक्रम त्या एका प्रश्नापासून सुरू व्हायला हवा.

✱

उचलीचा हिशेब ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. मुकादम हंगामाच्या आधी मजुरांना आगाऊ रक्कम देतो, ती उचल. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. उचल ठरते ती नवऱ्याशी, घेतो नवरा, अंगठा नवऱ्याचा. तोडीचे पैसे त्यातून वळते होतात. एक दिवस काम चुकलं तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. बाई निम्मं काम करते, कधी निम्म्याहून जास्त, पण हिशेबाच्या वहीत ती स्वतंत्र मजूर म्हणून कुठेच नाही. आता फडात मुकादमानं, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं किंवा शेतमालकाच्या माणसानं हात धरला, तर ती तक्रार कुणाकडे करणार? नवऱ्याला सांगितलं तर तो चिडून भांडेल, नाहीतर तिलाच गप्प बसवेल. भांडला तर काम जातं आणि उचल मात्र अंगावर राहते. हे गणित त्या बाईला पाठ असतं, आणि समोरच्यालाही असतं.

✱

अंगाने शिकायचं थोडकंच आहे. ते चारदा करून घेतलं की विसरत नाही. दोन हातांचं अंतर राखायचं. कुणी त्याहून जवळ आलं तर आपणच एक पाऊल मागे घेऊन दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरायचे आणि 'लांब' असं ठणकावून म्हणायचं. हे दिसायला भांडण वाटत नाही, पण हात तयार राहतात. मारायची वेळ आलीच तर मूठ वळू नये, नवख्या मुठीनं आपलीच बोटं मोडतात. तळहाताचा मनगटालगतचा कडक भाग नाकावर किंवा हनुवटीखाली. मागून कवळ घातली तर आधी खाली बसल्यासारखं वजन टाकायचं, मग टाचेनं त्याच्या पायाच्या पंजावर. गुडघ्याची वाटी, जांघ, डोळे, गळा या जागा धिप्पाड माणसाच्याही नाजूकच असतात. आणि सुटलं की पळायचं, उजेडाकडे, माणसांकडे. जिंकायला थांबायचं नाही.

मिरचीपूड बाळगणाऱ्यांनी वाऱ्याची दिशा बघावी. कोयता उगारायचा सल्ला मी कुणाला देणार नाही. हिसकावला गेला तर तो उलटा आपल्यावर येतो.

✱

मुलींना सगळ्यात अवघड जातं ते ओरडणं. लाथ मारायला सांगितली तर मारतात, हसत हसत का होईना. 'पोटातून ओरडा' म्हटलं की ओढणीचं टोक तोंडाशी जातं. एका शाळेच्या मैदानावर नववीच्या मुलींची रांग उभी होती. पहिलीचा आवाज शेजारणीलाही ऐकू गेला नाही. दुसरी ओरडली आणि लगेच इकडेतिकडे बघून 'सॉरी मॅडम' म्हणाली. जन्मापासून 'हळू बोल', 'खिदळू नको', 'बाईमाणसाचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये' हे ऐकलेल्या मुलीला एका तासिकेत ओरडायला लावणं सोपं नाही. म्हणून मी म्हणते, पहिले दोन दिवस दुसरं काहीच शिकवू नका. 'वाचवा' यापेक्षा नेमकं वाक्य शिकवा: 'ए निळ्या शर्टवाल्या, हात काढ!' कपड्याचा रंग आला की आजूबाजूचे त्याच्याकडे बघतात, आणि तो ओळखला गेला हे त्यालाही कळतं.

✱

हातपाय गोठतात त्याचं काय, हा प्रश्न मुली शिबिर संपल्यावर, एकट्या गाठून विचारतात. 'मॅडम, मला हललंच नाही गेलं.' त्यांना वाटतं चूक आपली. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांच्या तातडीच्या केंद्रात आलेल्या जवळपास 300 स्त्रियांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के स्त्रियांनी सांगितलं की त्या वेळी शरीर लाकडासारखं झालं होतं, हलता आलं नाही, ओरडता आलं नाही. संकटात शरीर आपल्याला न विचारता असं करतं, त्यात संमती नाही आणि भित्रेपणाही नाही. हे प्रत्येक शिबिरात, लाथ शिकवायच्या आधी, मोठ्यानं सांगितलं पाहिजे. नाहीतर स्वसंरक्षणाच्या वर्गाचाच एक काच होतो: 'तुला शिकवलं होतं ना, मग का नाही मारलंस?'

हाच प्रश्न एकदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही वेगळ्या शब्दांत उभा राहिला होता. 1972 साली आपल्याच राज्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलिस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, पण सर्वोच्च न्यायालयानं आरोपी सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, असा त्यामागचा तर्क. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून विचारलं की शरण जाणं आणि संमती देणं एकच कसं? देशभर बायका रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. 2013 च्या दुरुस्तीनं तर स्पष्टच लिहिलं की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येणार नाही. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येही ते आहे. गोठलेल्या प्रत्येक मुलीला हे कलम माहीत असायला हवं. तिच्या आईलाही.

✱

प्रतिकाराचं शिक्षण खरोखर उपयोगी पडतं का? पडतं, पण नीट आखलेलं असेल तर. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या जवळपास 900 विद्यार्थिनींचे दोन गट केले. एका गटाला तीन-तीन तासांची चार सत्रं, दुसऱ्याला फक्त माहितीपत्रकं. वर्षानंतर माहितीपत्रकवाल्या गटात बलात्काराचं प्रमाण 9.8 टक्के होतं, सत्रं केलेल्यांत 5.2 टक्के. हे 2015 साली प्रसिद्ध झालं. त्या बारा तासांत लाथाबुक्क्यांना फार थोडा वेळ होता. बाकी वेळ गेला तो ओळखीच्या माणसाचं वागणं कुठे वळतंय हे ओळखण्यात, 'त्याला वाईट वाटेल' हा आपल्याच मनातला अडथळा दूर करण्यात, आणि आपल्याला काय हवंय, काय नकोय हे स्वतःशी स्पष्ट करण्यात.

आपल्याकडे समग्र शिक्षा अभियानात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, तीन महिन्यांचं. योजना चांगली. पण आमच्या भागात हा वर्ग दिवाळीनंतर लावला तर ऊसतोड मजुरांच्या मुली तोवर आईबापांबरोबर कारखान्याला गेलेल्या असतात, किंवा धाकट्या भावंडांना घेऊन आजीजवळ राहिलेल्या आणि शाळेला न येणाऱ्या. ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांच्याच नावापुढे गैरहजेरीची फुली. जून-जुलैत वर्ग घ्यायला कुणाची हरकत आहे?

✱

ओळखीचा माणूस. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात वर्षानुवर्षं तेच दिसतं की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात. शेजारी, नातेवाईक, मालक, लग्नाचं वचन देणारा, शिकवणारा. 2025 च्या जूनमध्ये बीड शहरात एका खासगी शिकवणी वर्गातल्या दोन शिक्षकांवर पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला तेव्हा शहर हादरलं. निकाल न्यायालय देईल. पण त्या आठवड्यात घराघरांत जी चर्चा झाली ती ऐकून मन खट्टू झालं. 'मुलीला क्लासला पाठवायचंच कशाला' हे वाक्य जितक्यांदा ऐकलं, तितक्यांदा 'क्लासमध्ये कॅमेरा आहे का, केबिनचं दार काचेचं आहे का, तक्रार कुणाकडे करायची हे भिंतीवर लिहिलंय का' हे ऐकू आलं नाही.

अनोळखी रस्त्यावरचा गुंड समोर धरून शिकवलेलं स्वसंरक्षण दादा, काका, सर यांच्यापुढे अपुरं पडतं. ज्याच्या पाया पडायला शिकवलं त्याला 'सर, हात बाजूला घ्या' म्हणणं लाथ मारण्यापेक्षा अवघड आहे. म्हणून तेच वाक्य मुलींकडून वर्गात एकमेकींसमोर म्हणवून घ्यावं, 'सर' म्हणतच.

✱

एका शाळेत आम्ही मुलींना नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. प्रश्न एकच होता: त्रास झाला तर घरी सांगाल का? बहुतेकींनी 'नाही' लिहिलं होतं. एका चिठ्ठीत वहीच्या फाटक्या कागदावर पेन्सिलीनं: 'सांगितलं तर शाळा सुटल आन् लग्न लावून देतील.'

यात तिनं काही वाढवून सांगितलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत, 20 ते 24 वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं त्यांचं प्रमाण राज्यात 22 टक्क्यांच्या आसपास, बीड जिल्ह्यात 43 टक्क्यांच्या वर. म्हणजे राज्याच्या दुप्पट. आईबाप हौसेनं लावत नाहीत. सहा महिने कारखान्याला जायचं, वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची आणि कोपीत तरी कशी न्यायची? सुरक्षिततेच्या काळजीतूनच तिचं लग्न होतं. मग सोळाव्या वर्षी तीच मुलगी नवऱ्याबरोबर नवा कोयता म्हणून फडात उतरते, आईला ज्या कोपीत भीती वाटत होती तशाच कोपीत.

छेड काढणाऱ्याला ही भीती नेमकी माहीत असते. एसटी स्टँडवर रोज मागे येणाऱ्या पोराला ठाऊक असतं की ही घरी बोलणार नाही, कारण बोलली तर शिक्षा तिलाच. त्याचं धाडस तिच्या घरच्यांच्या निर्णयावर पोसलं जातं. मुलीला कराटे शिकवायच्या आधी तिच्या बापाकडून एक शब्द घेतला पाहिजे: काहीही झालं तरी शाळा बंद होणार नाही. पालकसभेत, सगळ्यांसमक्ष, उभं राहून. एका गावात मुख्याध्यापकांनी हे खरंच करून घेतलं. बापलोक आधी ओशाळले, मग एकेक उठले. त्यानंतरच्या महिन्यात त्या शाळेत तक्रारी वाढल्या. मला ती बातमी चांगली वाटली.

✱

2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. ज्या मुली जन्मल्याच नाहीत त्यांच्या वाटचं बळही आज वर्गात बसलेल्यांना द्यायचं आहे.

✱

बस. गावातून तालुक्याला शिकायला जाणाऱ्या मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाची निळी बस ही या जिल्ह्यातली सुरक्षिततेची मोठी सोय आहे, कुणी तिला त्या नावानं ओळखत नसलं तरी. बस वेळेवर आली की फाट्यावर ताटकळणं टळतं, काळीपिवळीत दाटीवाटीनं बसणं टळतं, अंधार पडायच्या आत घर गाठता येतं. सुटी पडायची वेळ आणि बसची वेळ जुळत नसेल तर शाळेनं आगाराला लेखी कळवावं, आणि पत्राची पोच घ्यावी. बसमध्ये कुणी अंगचटीला आलं तर कंडक्टरला मोठ्यानं सांगायचं आणि गाडी सरळ पोलिस ठाण्याला घ्यायला लावायची. एकीनं म्हटलं तर कंडक्टर घड्याळ बघतो. पाच जणींनी म्हटलं तर गाडी वळते. मुलींच्या गटाचं हे आधीच ठरलेलं असावं.

✱

112 हा आपत्कालीन क्रमांक सगळ्यांना पाठ झालाय, पण फोन लावल्यावर बोलायचं काय हे कुणी शिकवत नाही. फोन आधी राज्याच्या केंद्रात जातो, तिथून जवळच्या पोलिस गाडीला निरोप. केंद्रातल्या माणसाला तुमचं गाव माहीत नसतं. पिंपळगावं आणि वडगावं ढिगानं आहेत. गाव, तालुका, जिल्हा, कोणता रस्ता, जवळची खूण, या क्रमानं सांगायचं. नाव आणि काय झालं ते नंतर.

फडातल्या बाईची अडचण याहून मोठी. टोळी आज या शिवारात, आठ दिवसांनी दुसऱ्या. आपण सांगली जिल्ह्यात आहोत की बेळगावात हे कळतं, गाव कळतंच असं नाही. कारखान्याचं नाव मात्र प्रत्येकीला माहीत असतं. म्हणून टोळीतल्या शाळा शिकलेल्या एका मुलीनं प्रत्येक मुक्कामी तीन ओळी लिहून घ्याव्यात: कारखाना, गाव, शेतमालकाचं नाव. तो कागद कोपीत आतल्या बाजूला, चुलीपासून लांब लावायचा. 112 कर्नाटकातही चालतो.

✱

गुन्हा बेळगाव जिल्ह्यात घडला आणि बाई केज तालुक्यात परत आली, तर केजच्या ठाण्यात तक्रार घेतील का? घ्यावीच लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, पुढे तो त्या हद्दीत पाठवायचा. लैंगिक गुन्ह्यांत जबाब महिला अधिकाऱ्यानं नोंदवायचा. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट आणि लगेच. ठाण्यात नकार मिळाला तर पोलिस अधीक्षकांना लेखी. बलात्कार, विनयभंग अशा गुन्ह्यांची नोंद करायला टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम 199 खाली सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ठाण्यात हे कलम भांडणाच्या सुरात सांगायचं नाही, शांतपणे सांगायचं आणि मुन्शी काय लिहितोय ते वाचून मगच सही करायची. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावायचं. सोबत एक बाई असावीच.

पाठलागाला कलम 78, विनयभंगाला 74. पाठलाग म्हणजे नुसतं मागे चालणं नाही. नको म्हटल्यावरही मेसेज करत राहणं, मोबाईलवर पाळत ठेवणं, हेही त्यात येतं. फोटो बदलून पसरवले तर cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर तक्रार करावी. मेसेज रागानं डिलीट करू नयेत, स्क्रीनशॉट काढून ताईच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवर पाठवून ठेवावेत.

अत्याचारानंतर अंघोळ करावीशी वाटते, कपडे धुवावेसे वाटतात. तेवढं थांबावं. कपडे कोरडे करून कागदात गुंडाळावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. उपचार फुकट आणि तातडीनं करणं सरकारी आणि खासगी दोन्ही दवाखान्यांना बंधनकारक आहे.

✱

'मी त्याला मारलं आणि त्यालाच लागलं तर केस माझ्यावर होईल ना?' हा बायकांचा ठरलेला प्रश्न. खासगी बचावाचा हक्क न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. बलात्काराच्या, अपहरणाच्या इराद्यानं किंवा ॲसिडचा हल्ला होत असेल आणि स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला, तरी कलम 38 बाईच्या बाजूनं उभं राहतं. अट अशी की बचावापुरताच बळाचा वापर, आणि धोका आहे तोवरच. तो पळून गेल्यावर मागून जाऊन मारलं तर तो बचाव राहत नाही. केस उभी राहणारच नाही असं मी कुणाला सांगत नाही. पण कायदा 'सोसत राहा' म्हणत नाही, हे समजल्यावर बायकांच्या खांद्यांचा ताण उतरताना पाहिला आहे.

✱

फड हे कामाचं ठिकाण आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा कचेरीतल्या बायकांचाच आहे असा समज आहे, तो चुकीचा. असंघटित कामगार त्यात आहेत, कामासाठी मालकानं दिलेलं वाहनही कामाच्या ठिकाणात येतं. म्हणजे उसाचा फड आला आणि टोळी नेणारा ट्रकही आला. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला मदत करणं हे समितीचं काम.

खोट मुदतीत आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची. सबळ कारण दिलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. नोव्हेंबरात घडलेली गोष्ट बाई एप्रिलमध्ये गावी येऊन सांगते, तेव्हा पहिली मुदत उलटून गेलेली असते. परक्या जिल्ह्यात, पिकाच्या मधोमध, सुट्टी नाही, खाड्याची भीती, हे सबळ कारण आहे असं आपणच लिहून द्यायचं. आणि हंगाम सुरू असताना समितीनं साखर कारखान्याच्या गटात जाऊन बसायला हवं. बायका समितीपर्यंत येतील ही अपेक्षाच धरू नये.

✱

2019 मध्ये ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. त्यासाठी नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी आली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. हल्ला, छेडछाड यांच्या टिपणांत हे कशाला? कारण 'नको' म्हणायला शिकणं हे दवाखान्यातही लागतं. 'पिशवी खराब झालीय, काढून टाका' असं कुणी म्हटलं तर 'दुसऱ्या डॉक्टरला दाखवते' हे वाक्य तितक्याच ठामपणे यायला हवं जितक्या ठामपणे 'हात सोड' येतं. दोन्हींच्या मागे एकच भान, की हे अंग माझं आहे.

✱

अंबाजोगाईत शैला लोहियांनी 'मनस्विनी' महिला प्रकल्प उभा केला. मनीषा तोकले ऊसतोड बायकांना संघटित करत राहिल्या. या कामांकडे स्वसंरक्षणाचं काम म्हणून कुणी बघत नाही. माझ्या लेखी मात्र तेच पहिलं आहे. ठाण्यात बरोबर येणारी बाई, चार दिवस राहायला जागा, वकिलाला काय विचारायचं हे सांगणारी ताई, हे पाठीशी असलं की मावशींच्या झटक्याला अर्थ येतो.

✱

गावातल्या एका बैठकीत बायकांनी स्वतःच यादी केली, मुकादमाला उचल घेताना काय विचारायचं त्याची. कोप्यांजवळ दिवा लागेल का. संडास आणि न्हाणी आडोशाची आहे का, की चार काठ्यांना साडी गुंडाळायची. रात्रीच्या भरणीला एकट्या बाईला पाठवायचं नाही. टोळीत चार्ज केलेला एक फोन बायकांच्या ताब्यात राहील. हिशेबाच्या वहीत बाईचं नाव नवऱ्याच्या नावाखाली नको, शेजारी हवं. शेवटच्या मुद्द्यावर पुरुषांत कुरबुर झाली. एका म्हातारीनं विचारलं, 'कामून नगं? ऊस काय एकट्यानं तोडता का?'

दिव्याला पैसे लागतात, न्हाणीलाही लागतात, म्हणून मुकादम कारखान्याकडे बोट दाखवतो आणि कारखाना मुकादमाकडे. एकट्या कोयत्यानं विचारलं तर 'यायचं तर ये' हे उत्तर ठरलेलं आहे. अख्ख्या टोळीनं, किंवा तांड्यावरच्या सगळ्या टोळ्यांनी मिळून विचारलं तर बोलणी करावी लागतात, कारण हंगाम तोंडावर आल्यावर मुकादमालाही कोयते भरून न्यायचे असतात. उचलीचे पैसे पावसाळ्यात वाटले जातात. एकदा अंगठा उठला की यातलं काहीच मागता येत नाही. त्यामुळे बायकांची बैठक दसऱ्याला नको, आषाढात घ्यावी, आणि मुकादमाला त्याच बैठकीला बोलवावं.